मास्तरांचा शेरा

तिसराही कागद मास्तरांनी परत केला.

"कडा खरबरीत आहेत," ते म्हणाले. "पुन्हा काढ."

ग्रंथपालबाईंनी कागद घेतला आणि घड्याळाकडे पाहिलं. संध्याकाळी प्रदर्शनाचं उद्घाटन होतं. वाचनालयाच्या दर्शनी भिंतीवर एकच चौकट रिकामी राहिली होती आणि तिच्यात मास्तरांची अक्षरं लागायची होती. पण मास्तरांनी कागदावर ‘छापा’ असा शेरा मारून खाली सही केल्याशिवाय नाही. तशी त्यांची अटच होती. छापखान्यात त्यांचा उभा जन्म गेला, आणि तिथे या शेऱ्याशिवाय साधी जाहिरातसुद्धा कधी यंत्रावर चढली नव्हती. आता म्हातारपणी नियम मोडतील तर ते मास्तर कसले?

अक्षरं त्यांनीच घडवलेली. तरुणपणी हाताने रेखाटली, मग शिशात ओतून घेतली. गावातल्या दोन पिढ्या त्याच अक्षरांवर वाचायला शिकल्या. बाईही त्यांतल्याच. अलीकडे कुणा हौशी माणसाने ती अक्षरं कॉम्प्युटरसाठी नव्याने तयार करून एका वेबपानावर मांडली होती. स्क्रीनवर ती अशी दिसत की बघत राहावं. कागदावर उतरली की मात्र त्यांची पार रया जाई.

वाचनालयातला कॉम्प्युटर जुना आणि त्यावर लिनक्स ही फुकटात मिळणारी प्रणाली. बाईंनी सकाळी ब्राउझरमधून सरळ प्रिंट काढली होती. मास्तरांनी कागद हातात घेतला, नाकाशी नेला, त्यावर अंगठा फिरवला आणि अगदी वरची ओळ वाचायला सांगितली. छापखान्यात एकाने वाचायचं आणि दुसऱ्याने तपासायचं ही जुनीच रीत, म्हणून बाईंनी निमूट वाचली. ती वेबपानाच्या पत्त्याची ओळ होती. ब्राउझरने तो आगाऊपणा स्वतःहून केला होता. बाईंनी छपाईच्या सेटिंगमधली त्यासाठीची बरोबरची खूण काढून टाकली.

दुसऱ्या कागदावर ‘शाई पोटभर नाही’ असा शेरा आला. शोधलं तर प्रिंटरची शाई वाचवायची सोय चालू निघाली. ती बंद केली.

आणि आता या कडा. बाईंना साध्या डोळ्यांनी काही दिसेना. त्यांनी खणातून भिंग काढलं आणि तोंडात बोट घातलं. अक्षरांच्या कडांना खरोखरच बारीक बारीक पायऱ्या पडल्या होत्या. अन् मास्तरांना तर चष्माही नव्हता!

कारण सापडायला जेवायची वेळ टळली. वेबपानावर अक्षरांच्या मागे एक हलकी सावली टाकलेली होती. तिच्यापायी ब्राउझर अक्षरांना अक्षरं म्हणून न पाठवता सगळ्या पानाचं एक भरड चित्र करून प्रिंटरकडे धाडत होता. बाईंनी सावली उडवली, पानाची आधी पीडीएफ केली, प्रिंटरचे ठिपके दुप्पट दाट केले. चौथा कागद बाहेर आला तेव्हा त्यांना स्वतःलाच खूप बरं वाटलं.

मास्तरांनी तो खिडकीशी नेला. उन्हात धरला.

"वेलांटी," शेवटी ते म्हणाले. "जिथे वळते, तिथे बघ."

बाईंनी भिंग लावलं. वळणावर वेलांटी केसभर तुटली होती.

आता त्यांना राग येईना. सकाळपासून नाकी नऊ आणणाऱ्या या म्हाताऱ्यापुढे हात जोडावेत असं वाटू लागलं. ज्याने अक्षर जन्माला घातलं त्याला ते कुठे दुखतंय हे कळणारच, असं त्या मनाशी म्हणाल्या. लहानपणी पहिल्यांदा अक्षराला अक्षर जोडून शब्द लागला होता, तेव्हा अंगावर असाच काटा आला होता.

पान कागदात बसवण्यासाठी ब्राउझर ते थोडं आखडून छापत होता आणि त्यात नाजूक रेघा मरत होत्या. बाईंनी आकार पुरा शंभर टक्के केला. पीडीएफ पुन्हा बनवली. देवाचं नाव घेतलं आणि बटण दाबलं.

यंत्राने या वेळी दोनदा कागद ओढला. मास्तर प्रिंटरला खेटूनच बसले होते. त्यांनी हात घालून वरचा गरम कागद उचलला आणि खिडकीकडे गेले. बाई खुर्चीतच थांबल्या.

मास्तर पाठमोरे उभे होते. कागदावर अंगठा फिरला. या खेपेला त्यांनी काही वाचायला सांगितलं नाही. मग खिशातून पेन निघालं, खिडकीच्या कट्ट्यावर कागद टेकवून त्यांनी काहीतरी लिहिलं.

"पोरी," ते वळून म्हणाले, "इतकं निर्मळ काम मी शिशातसुद्धा पाहिलं नव्हतं. आता यात काही काढायचं नाही, काही घालायचं नाही."

बाईंना भरून आलं. कागद उलटा करून त्यांनी तो बाईंच्या हाती दिला. तेवढ्यात त्यांची नात त्यांना न्यायला दारात आली. तिच्या खांद्यावर हात ठेवून ते एकेक पायरी सावकाश उतरले. ते कोपऱ्यावर वळेपर्यंत बाई दारातच उभ्या होत्या.

मग डोळे पुसून त्या आत आल्या. प्रिंटरवर आणखी एक कागद पालथा पडला होता. त्यांनी सहज उलटून पाहिला. त्यावर मास्तरांची सगळी अक्षरं होती, आणि एकही वेलांटी तुटलेली नव्हती.

बाईंनी हातातला कागद सुलटा केला. पांढऱ्याशुभ्र, कोऱ्या कागदाच्या कोपऱ्यात ‘छापा’ लिहिलं होतं, आणि खाली सही.