निळ्या पाण्यातला थेंब

विहाराच्या तीन पायऱ्या चढताना मेघा दोनदा थांबली. पहिल्यांदा पदर सावरायचं निमित्त केलं, दुसऱ्यांदा निमित्तही सुचलं नाही. कानांत सकाळपासून घुमत होतं, शेजारी पिठाची गिरणी चालू असावी तसं. मागून येणाऱ्या तिच्या सासूबाई, जिजाबाई, अडुसष्ट वर्षांच्या. त्याच तिच्या आधी वर पोचल्या.

"काऊन थांबली?" त्यांनी विचारलं.

"ऊन लागलं, आत्या."

नालवाडीच्या या विहारात जयंतीच्या दिवशी रक्तदान शिबिर असतं. मेघाचा नवरा रुपेश समितीत, त्यामुळे तो बाहेर मंडपात माईक धरून. मेघानं आजवर सहा वेळा रक्त दिलेलं. सहाही प्रमाणपत्रं बैठकीच्या भिंतीवर ओळीनं लावलेली. यंदा मात्र ती केवळ त्या भिंतीसाठी आली नव्हती.

आज पाळीचा अकरावा दिवस होता. मागच्या महिन्यात नऊ दिवस गेले, त्याआधी आठ. आज दोन पॅड एकावर एक, त्यावर जुन्या लुगड्याची घडी, आणि वरून गडद जांभळी साडी. जिजाबाईंकडे याचं उत्तर तयार होतं. "तुह्या अंगात रक्त लय झालं, बाई. उतू जाऊन राह्यलं. कोनाले तरी देऊन टाक, मोकळी होशीन."

मेघाला ते पटलं. वाया जातंच आहे, तर एखाद्या बाळंतिणीच्या कामी येईल, असं तिनं मनाशी धरलं. बायकांची ही खोडच; दुखणं स्वतःचं असलं तरी त्यातून दुसऱ्याची सोय काढून ठेवतील. रागावं तरी कुणावर?

फॉर्मवर प्रश्न होता: सध्या पाळी सुरू आहे का? रांगेत पुढेच शेजारचे तानबाभाऊजी उभे होते. मेघानं घाईघाईनं 'नाही'वर खूण केली.

टेबलाशी रक्तपेढीची वर्षाली बसली होती. तिनं मेघाचं बोट हातात घेतलं, उलटंसुलटं केलं, नखाकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. नख कागदासारखं पांढरं होतं. सुई टोचली, तरी थेंब येईना. बोट दाबावं लागलं. आलेला थेंब तिनं मोरचुदाच्या निळ्या पाण्याच्या बाटलीत सोडला; रक्तात कस असला की थेंब बुडतो. सकाळपासून चाळीसेक माणसांचे थेंब त्या पाण्यात खड्यासारखे तळाला गेले होते. मेघाचा थोडा बुडाला, मध्येच थांबला, आणि हळूहळू वर आला.

वर्षालीनं दुसरी बाटली घेतली, दुसरं बोट टोचलं. तोही थेंब वर आला.

मग तिनं पिशवीतून एक छोटं मशीन काढलं, त्याच्या पट्टीला रक्त लावलं. आकडा पाहिला आणि स्वतःची खुर्ची मेघाकडे सरकवली.

"आधी बसा, ताई."

"का झालं?"

"रक्त द्यायले हिमोग्लोबिन साडेबारा लागते. तुमचं साडेपाच हाय." वर्षालीनं आवाज खाली आणला. "पाळी कशी जाते? खरं सांगा."

मेघानं तानबाभाऊजींच्या पाठीकडे पाहिलं. "अकरावा दिवस हाय."

"पॅड किती वेळ टिकते?"

"तासभर. रात्री तीनदा उठा लागते."

"गाठी पडतात?"

मेघानं अंगठा आणि बोट जुळवून दाखवलं. मोठ्या बोराएवढी जागा झाली.

"अन् दवाखान्यात नाई गेल्या?"

"रक्त जास्त झालं असन म्हनून…" वाक्य अर्ध्यातच राहिलं. मोठ्यानं म्हटल्यावर ते तिलाच खरं वाटेना. इतक्या दिवसांत ती पहिल्यांदा घाबरली.

"जास्त झाल्यानं नाई जात, ताई. जाऊन जाऊन संपत आलं. सात दिवसांच्या वर गेलं, तासातासाले पॅड भिजलं, अशा गाठी पडल्या, तेव्हाच डॉक्टरले दाखवा लागत होतं. आता घरी जायचंच नाई, इथूनच हॉस्पिटल गाठा. आज रक्ताची बाटली तुमालेच लागणार हाय." वर्षाली बाजूच्या बाकावर बसलेल्या जिजाबाईंकडे वळली. "आजी, रक्त जास्त झालं हे कोनं सांगतलं ताईले?"

"म्या," जिजाबाई म्हणाल्या. त्यांनी काही लपवलं नाही. "माह्या नणंदेले असंच जाय. तवा तिच्या सासूनं तिले असंच सांगतलं होतं. अंगात लय रक्त हाय म्हने."

"मग आता कशा हायेत त्या?"

कूलर घरघरत होता. बाहेर माईकवर रुपेश रक्तदात्यांची नावं वाचत होता. जिजाबाई त्या निळ्या बाटलीकडे बघत राहिल्या.

"तिच्या दोन्ही पोट्ट्या म्याच वाढवल्या," त्या म्हणाल्या.

आणि तशाच उठल्या. बाहेर जाऊन रुपेशच्या हातातला माईक काढून घेतला, त्याला ऑटो आणायला पिटाळलं. पायऱ्यांखालच्या ढिगातून मेघाच्या चपला शोधल्या आणि हातात घेऊन आत आल्या. विहारात चपला आणलेल्या त्यांना कधी खपत नसत. पोराटोरांना त्यांनीच यावरून कितीदा हाकललेलं. खुर्चीपुढे त्या गुडघ्यांवर बसल्या.

मेघानं पाय मागे घेतले. "नका ना, आत्या."

जिजाबाईंनी तिचा घोटा धरून पुढे ओढला, पायात चप्पल सरकवली. बाहेर मंडपाचे पत्रे तापून कडकड वाजत होते. त्यांच्या हाताला तो पाय इतका गार लागला, की चप्पल घालून झाली तरी त्यांना तो सोडवेना.