दुसरा चालक

"ही गाडी नाही इव्हॉर, टोपी आहे," नेस्टा म्हणाली. "आत बसायचं तर माणूस निम्मा हवा."

"मग झालं की. निम्माच उरलोय मी."

नेस्टा हसायला लागली आणि मध्येच थांबली. तिच्या आवारात विकायच्या जुन्या गाड्या तीन रांगांत उभ्या होत्या, सगळ्यांच्या काचांवर अजून दव होतं. लाल गाडी टोकाला होती. दोनच आसनं, दुमडता येणारा कापडी टप, वय चौदा वर्षं, दाराखाली गंजाचा बोटभर चट्टा. इव्हॉरने वाकून तो चट्टा अंगठ्याने दाबून पाहिला. "वरवरचा आहे," म्हणाला. मग बराच वेळ तो गाडीला धरूनच उभा राहिला.

त्याची मुलगी एलेरी चार पावलांवर फोन कानाशी धरून उभी होती. विमा कंपनीतली बाई एकेक विचारत होती. वय? एकोणीस. काम? शिकते. गाडी कशाला? दर शुक्रवारी कॉलेजातून घरी यायला.

"आणि दुसरा चालक?"

"माझे वडील. तीस वर्षं शाळेची बस चालवलीय त्यांनी."

"अपघात?"

"एकही नाही."

"ओरखडासुद्धा नाही म्हणावं!" इव्हॉर तिकडून ओरडला. त्या ओरडण्यानेच त्याला खोकल्याची उबळ आली.

"तुझं नाव आहे म्हणून वर्षाचे चौदाशेच पौंड," एलेरी फोनवर हात ठेवून म्हणाली. उन्हाळाभर कॅफेत बश्या विसळून तिने तेवढे साठवले होते. गाडीचे पैसे इव्हॉर देणार होता. ते पाकीट त्याने घरातून निघाल्यापासून कोटाच्या आतल्या खिशात, हाताखाली धरून ठेवलं होतं.

"माझं ऐकशील तर ती पलीकडची करडी गाडी घे, पोरी," नेस्टा म्हणाली. "तिचा विमा तुझ्या एकटीच्या नावावरही झेपेल." बोलून झाल्यावर ती फडकं शोधायला लागली. फडकं तिच्या खांद्यावरच होतं.

"करडी कशाला?" इव्हॉर म्हणाला. "जन्मभर मी लोकांची पोरं गोगलगाईसारखी नेली. माझी पोर जरा पळू दे."

फोनवरच्या बाईने शेवटचा प्रश्न विचारला. "पुढचं वर्षभर वडील ही गाडी अधूनमधून चालवणार आहेत ना? नुसतं नावाला नाही, खरंच? पुढे तसं नाही निघालं, तर विमा मानला जात नाही. म्हणून विचारते."

नाताळपर्यंत, असं डॉक्टर म्हणाले होते. तेव्हापासून घरात नाताळचं नाव कुणी काढत नव्हतं. ऑक्टोबर संपत आला तरी आईने केकसाठी मनुके भिजत घातले नव्हते, आणि का नाही, हे कुणी विचारलं नव्हतं.

"काय म्हणतेय ती?" इव्हॉरने विचारलं.

"काही नाही."

"एलेरी."

"तू चालवशील का, असं विचारतेय." ती जमिनीकडे बघत म्हणाली. "वर्षभर."

नेस्टा पलीकडच्या गाडीची काच पुसायला गेली.

इव्हॉरने गाडीवरचा हात काढला आणि कोटाची बटणं लावली. मनगटावर अजून हॉस्पिटलचा प्लास्टिकचा पट्टा होता, तो त्याने बाहीत सारला. "माझं नाव काढ म्हणावं," तो म्हणाला. "मग किती होतात, विचार. जास्त होत असतील तर करडीच घेऊ. चांगली आहे करडी." लाल गाडीकडे न बघता तो हे बोलला.

एलेरीने विचारलं. पलीकडे टाइप केल्याचा आवाज आला.

"तुमच्या एकटीच्या नावावर एकोणतीसशे चाळीस, मॅडम."

बाप तिच्या तोंडाकडे बघत होता. शाळेची पोरं रस्ता ओलांडताना बघायचा, तसा.

"चौदाशे चाळीस," एलेरी म्हणाली.

"काय सांगतेस!"

"हो. चाळीसच वाढतात."

"चाळीस पौंड!" इव्हॉरने मांडीवर थाप मारली. "ऐकलंस का, नेस्टा? तीस वर्षं एक ओरखडा नाही, आणि माझी किंमत चाळीस पौंड!"

"माझ्या नवऱ्याची तेवढीही आली नसती," नेस्टा काचेआडून म्हणाली.

तो इतका हसला की शेवटी त्याला गाडीवर ओणवं व्हावं लागलं. उबळ थांबल्यावर त्याने आतल्या खिशातलं पाकीट नेस्टाच्या हातात ठेवलं आणि वर तिचा हात दोन्ही हातांनी दाबला. "मोजू नकोस. बरोबर आहे." मग म्हणाला, "आता मला आत बसव. निदान बसून तरी बघतो."

नेस्टाने त्याच्या काखेत हात घालून त्याला स्टिअरिंगमागे बसवलं. त्याने आसन मागे सरकवलं. आरसा नीट केला. पट्टा ओढून खटकन लावला. मग वाकून डावा पाय दोन्ही हातांनी उचलला आणि क्लचवर ठेवला.

"हॅलो?" फोनमधली बाई म्हणाली. "लाइनवर आहात ना? वडिलांचं नाव काढायचं मग?"

"नको," एलेरी म्हणाली. "चालवणार आहेत ते."

"वर्षभर?"

आरशात बघून इव्हॉरने तिला हात केला.

"वर्षभर," ती म्हणाली.