येतो म्हणजे काय

पाच वर्षांची सिंचना बोलत नव्हती, म्हणून हुबळीच्या थेरपीवाल्या बाईंनी चित्रांची पाटी दिली आणि बजावलं, "तिची परीक्षा घेऊ नका. तुम्ही बोलाल तेव्हा तुम्हीच चित्रावर बोट ठेवा. बघून शिकेल." बसलिंगप्पा अज्जा चार महिने भाकरीपासून झोपेपर्यंत प्रत्येक चित्रावर बोट ठेवत राहिले. नातीनं एकदाही ठेवलं नाही. "बोट झिजायचं तुमचं, अप्पा," मुलगा म्हणाला. "उगादीपर्यंत बघू, मग पाटी माळ्यावर." त्याच दुपारी शेजारच्या चन्नक्का चुरमुऱ्यांच्या गिरमिटाची तिसरी बशी हाणत गुडघेदुखीचं पुराण सांगत असताना सिंचनानं पाटी ओढली आणि त्यांच्याकडे बघत येण्याच्या चित्रावर बोट ठेवलं. "लेकरू बोलावतंय मला," म्हणत चन्नक्का गहिवरून आणखी ऐसपैस बसल्या. सिंचना चिडून तेच चित्र बडवू लागली. तेव्हा अज्जांच्या डोक्यात प्रकाश पडला. घरातून निघताना जातो म्हणू नये, येतो म्हणावं, म्हणून रोज बाजाराला जाताना त्यांचं बोट येण्याच्याच चित्रावर पडे. पोरगी शिकली होती, बिनचूक शिकली होती. चूक होती ती अज्जांच्या बोटाची. त्यांनी चपला घातल्या, कुलदेवाची मनातल्या मनात माफी मागितली, जन्मात पहिल्यांदा जाण्याच्या चित्रावर बोट ठेवून "जातो" म्हणाले आणि उंबरा ओलांडला. सिंचनानं क्षणभर विचार केला. मग तिनं चन्नक्कांचं बोट धरलं आणि अलगद जाण्याच्या चित्रावर टेकवलं.