धापूबाईंची सायकल

तिसऱ्या सायकलीवरूनही धापूबाई उतरल्या. पहिलीची सीट टोचत होती, दुसरीवर पाय पुरत नव्हते आणि हिच्यावर म्हणे गरगरतं. जागेवरून हलत नाही त्या सायकलीवर गरगरतं कसं, ते त्यांचं त्यांनाच ठाऊक.

व्यायामाच्या सायकली विकणारा वाशिमचा तो दुकानदार मोठा सोशिक. त्यानं चौथी सायकल फडक्यानं पुसून पुढे ओढली. हिला खुर्चीसारखी पाठ होती. गुडघ्यांवर भार येत नाही, सत्तरीची माणसंही आरामात चालवतात, असं त्यानं सांगितलं. सुनेनं, जिनलनं, लगेच मोबाइलवर तिचा फोटो काढला. नवरा कस्तुरचंद हात मागे बांधून उभे होते. शिरपूरला त्यांचं कापडाचं दुकान. समोरचं गिऱ्हाईक घ्यायला आलंय की टाळायला, हे त्यांना पायरीवरच कळायचं. आज गिऱ्हाईक घरचंच होतं.

धापूबाईंना सायकल नकोच होती. त्यांना रोज सकाळी पायी जैन मंदिरात जायचं होतं. लग्न झालं त्या वर्षी त्यांनी नियम घेतला होता, देवदर्शन झाल्याशिवाय पाण्याचा थेंब घ्यायचा नाही. पंचेचाळीस वर्षांत तो तापातही मोडला नाही. घरापासून मंदिर पंधरा मिनिटं, त्यांच्या गुडघ्यांनी पंचवीस. दर्शन झालं की बाहेरच्या ओट्यावर बेबीबाई आणि आणखी दोघीतिघी बसलेल्या असायच्या. कोणाचा दमा, कोणाची सून, कोणाचं लोणचं बुरसलं. तासभर जीव रमायचा. मग घरी यायचं आणि दुसऱ्या दिवसापर्यंत गप्प बसायचं. घरात त्यांना कोणी वाईट बोलत होतं असं नाही, खोटं कशाला सांगा. कोणी बोलतच नव्हतं.

पंधरा दिवसांपूर्वी डॉक्टरांनी शुगर आणि गुडघे तपासून, फार चालू नका, घरी सायकल चालवा म्हटलं, आणि सगळ्यांना एकदम धापूबाईंची काळजी वाटायला लागली. एरवी त्यांच्या औषधाची बाटली रिकामी झाली तरी आठवडा जायचा. आज दुकान बंद ठेवून कस्तुरचंद स्वतः आले होते.

आता मात्र धापूबाईंनी ठेवणीतलं हत्यार काढलं, तेही अगदी थंडपणानं. सायकल घ्यायची तर खुशाल घ्या, म्हणाल्या, पण आपला नियम आहे, मंदिरात तर जावंच लागणार. जाण्यायेण्यात व्यायाम होतोच. मग हे धूड घरात आणून त्यावर टॉवेलच वाळत घालायचे ना? त्यांना खात्री होती. कस्तुरचंद बाकी काहीही करतील, बायकोचा नियम मोडायला लावणार नाहीत. दर पर्युषणात चारचौघांत छाती फुगवून तेच तर सांगत.

कस्तुरचंदांनी सायकलीची दांडी हलवून पाहिली.

"तुह्या नियमाले कोन हात लावते?" ते म्हणाले. "मांगच्या खोलीत आपलंच मंदिर बसवतो. संगमरवर सांगून ठेवला. महाराजांना बी विचारलं, घरच्या मूर्तीचं दर्शन चालते म्हणाले."

 देव घरी येतोय म्हटल्यावर धापूबाई नको कसं म्हणणार? ज्या नियमाच्या जोरावर त्या पंचेचाळीस वर्षं घराबाहेर पडत होत्या, तोच आता त्यांना मागच्या खोलीत बसवणार होता. अन् तेही असं, की वर सगळ्यांनी म्हणावं, किती नशीबवान बाई.

"महाराजांना कधी विचारलं?" त्यांनी एवढंच विचारलं.

होळीच्या आधी, असं कस्तुरचंद बोलून गेले. म्हणजे डॉक्टरांकडे जायच्या दोन महिने आधी.

जिनल वाईट पोर नव्हती, तिच्या पोटात काही राहत नसे इतकंच. फोटो पाठवता पाठवता ती म्हणाली, "बरंच झालं ना मम्मी. त्या ओट्यावर घरच्या गोष्टी निघतात अन् फिरून दुकानात पप्पांच्याच कानावर येतात. घरात माह्याशी कोनी बोलत नाही, असं तुमीच सांगतलं होतं ना बेबीबाईले?"

कस्तुरचंदांनी सुनेकडे डोळे वटारले, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं.

सांगितलं होतं खरं. एकदा मन भरून आलं तेव्हा बोलून गेल्या होत्या. बेबीबाईनं ते चार घरी नेलं असणार, पण धापूबाईंना तिचा राग आला नाही. राग आला तो याचा, की हे कानावर आल्यावर घरातल्या एकालाही त्यांच्याशी दोन शब्द बोलावंसं वाटलं नाही. संगमरवर सांगावासा वाटला.  परक्याच्या दुकानात रडायचं नाही म्हणून त्यांनी पदर तोंडाशी धरला.

दुकानदाराला वाटलं, सौदा फिसकटतोय. त्यानं घाईघाईनं चौथ्या सायकलीचं पायडल हातानं फिरवून दाखवलं. चाक गरकन फिरलं. बघा, म्हणाला, जरासुद्धा आवाज नाही. शेजारी कोणी झोपलेलं असलं तरी त्याला कळायचं नाही की सायकल चालू आहे.

कस्तुरचंद खूश झाले. "पसंत आहे ना तुले?" त्यांनी धापूबाईंना विचारलं. सकाळपासून पहिल्यांदाच त्यांना कोणी काही विचारत होतं.

धापूबाईंनी पदर खाली केला. "नाही," त्या म्हणाल्या. "मले आवाज करनारी घ्या. मांगच्या खोलीत कोनी आहे, इतकं तरी समजन घरात."

 कस्तुरचंदांनी चौथ्या सायकलीवर हात ठेवला आणि दुकानदाराला मानेनंच सांगितलं, हीच बांधा.