कोणती ओळ कुणाची

सावळीरामदादांचा तो नोकरीतला शेवटचा दिवस. दुपारचा चहा झाल्यावर ते खुर्ची ओढून योगिनीशेजारी बसले.

"तुझ्या त्या गिटमधी कोणती ओळ कुणी लिहिली ते दिसतं म्हणे. माझी पहिली ओळ दाखव ना मला."

योगिनीचा हात माउसवरच थांबला.

पिंपळगावच्या त्या कोल्ड स्टोअरेजमध्ये दादा वायरमन म्हणून लागले होते. सर्व्हर आला तेव्हा पुस्तकं आणून, चुकत-माकत शिकले. कुठल्या चेंबरचं तापमान किती ठेवायचं, ते चढलं तर किती मिनिटांनी कुणाला फोन जायचा, हे सगळं सर्व्हरवरच्या सेटिंगच्या फाइलींत असे, आणि त्यातली ओळन् ओळ दादांची होती. काही बदलायचं झालं की आधी ते फाइलीची नक्कल करून नावापुढे तारीख टाकत. मग बदललेल्या ओळीखाली कारण लिहीत. 'दार नीट लागत नाही म्हणून.' 'औंदा माल लवकर आला.' अशा साडेतीनशेच्या वर नकला साठल्या होत्या.

दिवाळीनंतर, कॉम्प्युटर सांभाळायला आलेल्या योगिनीने तो कारभार गिट नावाच्या सॉफ्टवेअरवर घेतला. कुठला बदल कुणी केला, कधी केला, हे गिट आपणच लक्षात ठेवतं. मग हा पसारा कशाला, असं तिला वाटलं. खरं तर त्या नकला एकेक करून, दादांच्या नावाने, त्या त्या तारखेला आत घालता आल्या असत्या. तिला ते ठाऊक होतं. पण आठवडाभर बसावं लागलं असतं. तिने फक्त चालू फाइली उचलल्या, दादांची टिपणं गाळली आणि बाकीचं पुसून टाकलं. मालक महेशशेठ सगळ्यांदेखत म्हणाले होते, "पोरीने एका दुपारीत सगळं लख्ख केलं." दादाही कौतुकाने हसले होते.

आता तिने कमांड दिली. पडद्यावर ओळी आल्या आणि प्रत्येक ओळीआधी नाव. योगिनी. योगिनी. योगिनी. तारीखही सगळीकडे एकच.

दादा चष्मा सावरत बोटाने एकेक ओळ वाचत खाली गेले. मग पुन्हा वर आले.

"सगळीकडं तूच हाये."

"मी ज्या दिवशी आत घातलं ना दादा, त्याच्या आधीचं गिटला काही माहीत नाही. म्हणून माझं नाव लागलं."

"मग आधीचं घाल की."

"त्या नकला मी काढून टाकल्या." तिचा आवाज खाली गेला. "त्या ज्यावर होत्या ती जुनी डिस्कपण भंगारात गेली. माझं चुकलं, दादा."

बाहेर निरोपाच्या खुर्च्या मांडल्याचा आवाज येत होता. दादांनी पडद्यावरच्या एका ओळीवर बोट ठेवलं.

"बाकी चेंबरचा फोन दहाव्या मिनिटाला जातो. चार नंबरचा तिसऱ्याच मिनिटाला. का, माहितीये?"

"नाही."

"खाली लिहिलं होतं."

योगिनीने घाईने वही ओढली, पेन उघडलं. "सांगा ना दादा. आत्ता लिहून घेते. तुमच्या नावाने टाकते."

दादा त्या ओळीकडे बघत राहिले. बोट तसंच पडद्यावर. कुणीतरी दारातून हाक मारून गेलं, हार आला म्हणून.

"काहीतरी झालं होतं एकदा," ते म्हणाले. "मोठं झालं होतं. लिहून ठेवलं होतं ना, म्हणून डोक्यात नाय ठेवलं."