एकाच वाइनचे दोन पेले

वाइनचा चाळिसावा घोट चाखून थुंकल्यावर मैत्रेयी खुर्चीत टेकली. परभणीच्या वाइन-चाचणी प्रयोगशाळेत वीस वर्षं तिच्या जिभेचा शब्द अखेरचा होता; आज ती जीभ शिणली होती. इतर परीक्षकांची गुणपत्रकं जुळवताना शिपाई बजरंगमामा खुदकन हसले. तिच्याच सांगण्यावरून त्यांनी एकच महागडी वाइन सगळ्यांना गुपचूप दोनदा दिली होती; कुठली, ते तिलाही ठाऊक नव्हतं. सकाळी नुसत्या क्रमांकानं, दुपारी बाटली समोर ठेवून. "मॅडम, सकाळी भिजल्या पोत्याचा वास यायलाय म्हणून चौघांनी दहापैकी दोन गुण दिले. दुपारी त्यांचेच नऊ! लेबल वाचून लय गोड लागायलीय. तुमी काय फसणार!" मैत्रेयीचं पत्रक अजून तिच्याच हातात होतं. फाडलं असतं तर कुणाला कळलं नसतं. तिनं ते मामांपुढे सरकवलं. सकाळी दोन, दुपारी आठ. मामांचं हसू मावळलं. "हसा की," ती म्हणाली, "आणि अहवालात फसलेले पाच लिहा."