गेटच्या आत

तक्त्यात दोन खांब होते. आयर्लंडच्या कारखान्याचा उंच, चाकणच्या कारखान्याचा बुटका. एक माणूस तासाला सलाइनचे किती पंप बनवतो, एवढंच त्यात होतं. बुटक्याला टाळं लावायचं, हे सगळ्यांनी मनात ठरवूनच टाकलं होतं. आज फक्त मीटिंग.

आयर्लंडमधल्या टॅला गावातल्या भाड्याच्या खोलीत मुक्ता लॅपटॉपसमोर बसली होती. तक्ता तिनेच केला होता. तिचं वर्क परमिटही याच कंपनीचं.

चाकणचे प्लँट मॅनेजर बाळासाहेब आधीच स्क्रीनवर येऊन बसले होते. मास्क हनुवटीवर.

"मॅडम, आपण फार खाली नाही ना? तीनशे घरं आहेत हो यावर. दुसरा लॉकडाउन लागला तशी पोरं घरी गेलेली नाहीत. आतच जेवतात, आतच राहतात. कोण करतं एवढं?"

त्यांच्या मागे मशिनच्या कठड्यावर बनियन वाळत होते. खाली पुठ्ठ्यावर रात्रपाळीचा कुणीतरी झोपला होता.

मुक्ता त्या पुठ्ठ्याकडे बघतच राहिली. "बाळासाहेब, ही माणसं गेटवर पंच आउट कधी करतात?"

"बाहेर सोडतोय कुठे? मग पंच काय करणार?"

मुक्ताच्या लक्षात आलं. चाकणचे तास तिने गेटवरच्या पंचिंगवरूनच घेतले होते. म्हणजे जेवण, अंघोळ, झोप, सगळं कामात धरलं गेलं होतं. आयर्लंडचा कामगार शिफ्ट संपली की घरी जाऊन घोरतो. ते कोण मोजतं?

तेवढ्यात तिचा बॉस डेक्लन आला, पाठोपाठ बाकीचे. "चाकणचा आकडा भयंकर आहे," तो म्हणाला.

मुक्ता मध्येच बोलली. "आकडा चुकलाय. माझ्याकडूनच. त्यात लोकांची झोप धरली गेलीय. ती काढली तर निम्माही फरक उरत नाही. आणि उरतो तो आपण त्यांच्या गळ्यात मारलेल्या जुन्या मशिनांचा."

डेक्लन माणूस वाईट नव्हता. दिवाळीला न चुकता मेसेज करायचा. त्याने शांतपणे ऐकून घेतलं.

"ग्रँड, ठीक आहे. पण मुक्ता, झोपले ते कंपनीच्याच जागेत ना? मग तास मोजायचेच."

कुणी हसलं नाही. म्हणजे तो विनोद नव्हता.

बाळासाहेबांनी मास्क नाकावर ओढला आणि ते खुर्चीतून उठले. कॅमेरा चालूच होता. मोकळ्या खुर्चीमागे सगळ्यांना दिसलं, ते वाकून त्या झोपलेल्या माणसाला गदागदा हलवत होते.